खोलीत माणसं किती?

महानगरांचे प्रश्न महानगरात सुटत नाहीत, त्यांची मुळं खेड्यात शोधावी लागतात, असं पुण्याच्या एका संशोधन संस्थेचं मत होतं. म्हणून मुंबईची गर्दी कमी करण्यासाठी चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात गंगाधर लिमये दहिवडीच्या पुढच्या एका फाट्यावर एस.टी.तून उतरला. तिथं गर्दी अजिबात नव्हती. मुळं शोधायला त्याला बरंच चालावं लागलं.

पहिलंच घर जोतीरामचं लागलं. जोतीराम फौजेतून हवालदार होऊन परतलेला, बायको राहीबाई, आणि एकुलता एक अर्जुना मुंबईला गिरणीत. या अर्जुनाला उंब्रजच्या नानासोंची विजयमाला सांगून आली होती. बोलणं मध्यस्थामार्फत चाललं होतं. नानासोंना इथं कुणी पाहिलेलं नव्हतं. पोराची मुंबईत स्वतःची खोली आहे, एकटाच राहतो, असं राहीबाईनं मध्यस्थाला सांगून टाकलं होतं. ती खोली तिनं पाहिली नव्हती. दाखवायची घाई अर्जुनानंही केली नव्हती.

"मुलगा मुंबईत काय करतो? पगार किती?" गंगाधरनं सुरुवात केली.

राहीबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. उन्हातून पायी येऊन परक्याच्या पोराचा पगार विचारणारा माणूस त्या मुलखात एकाच कामासाठी येतो. मुलीकडचे उघड येण्याआधी असा एकजण पाठवतात, आणि तो कधीही खरं सांगत नाही.

"पावनं, उंब्रजचं का?"

"नाही हो. पुण्याचा. संस्थेतून आलोय. उंब्रज मी पाहिलंसुद्धा नाही."

एवढ्यावर राहीबाईची खात्री पटली. तिनं चहात साखर वाढवली.

"खोलीत माणसं किती राहतात?"

"एकटाच."

"मुंबईत? एकटा?"

"त्येला गर्दी सोसत न्हाई."

"आणि नळ?"

"खोलीतच हाय."

"संडास किती बिऱ्हाडांत मिळून?"

"त्येचा त्येला हाय," जोतीराम म्हणाला. "शिस्तीचं पोरगं हाय."

"व्यसन?"

"च्या बी पीत न्हाई."

गंगाधर स्वतः पुण्यात मावशीच्या माजघरात झोपत असे. त्यानं 'एकटा' हा शब्द जरा जपूनच लिहिला. उठताना म्हणाला, "उद्या आमचे साहेब येतील. हेच पुन्हा विचारतील. पडताळणी करावी लागते."

"येऊ द्या की. खोली काय पळून जातीया?"

दिवेलागणीला जोतीरामचा चुलतभाऊ केरबा आला.

"वैनी, काय सांगितलंसा त्येला? आवं, त्यो सोयरिकीचा न्हवं! तलाठ्यानं त्येची कागदं बघितली. मुंबईत ज्यांच्या खोलीत लय दाटी, त्यास्नी सरकार नवी घरं देणार हाय. माझ्या ज्ञानूच्या खोलीत मी चौदा सांगितली."

घरांचं तलाठी काही बोलला नव्हता. ते केरबानं वाटेत जोडलं होतं.

"आनि आपुन एक!" राहीबाईनं हातातला घास ताटात परत ठेवला.

"मग उद्या सायबाला अठरा सांग," जोतीराम म्हणाला.

सकाळी धोतर, कोट आणि चष्मा घातलेला एक गृहस्थ दारात आला. नाव त्यानं सांगितलं नाही. साहेब लोक नाव सांगत नसतात, हे जोतीराम फौजेत शिकला होता.

"पोरगा मुंबईला असतो म्हणं. खोली कशी हाय?"

साहेब असून बोलणं आपल्यासारखं! पोटात शिरायची युक्ती, हे जोतीरामनं ओळखलं.

"कसली खोली, सायेब! खुराडं हाय. अठरा माणसं. पाळीनं झोपत्यात."

"नळ?"

"भाईर. त्येलाबी पाणी न्हाई," राहीबाईनं डोळ्यांना पदर लावला. "कालच्या माणसाला एकटा म्हटलं, ते काय मनावर घिऊ नका."

"कालचा माणूस कोण?"

तेवढ्यात गंगाधर एका पॅंटवाल्याला घेऊन आत आला. "हे आमचे साहेब."

जोतीरामनं सवयीनं सलाम ठोकला आणि मग सावकाश धोतरवाल्याकडं वळला. "मग तुमी वं कोण?"

"मी उंब्रजचा नानासो."

चुलीवरचा चहा उतू गेला. कुणी उठलं नाही. नानासोंनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"अठरा?"

"व्हय," राहीबाई पुटपुटली. सोयरीक तिच्या डोळ्यांदेखत उंब्रजच्या एस.टी.त चढत होती.

"त्यात ह्यो आत झोपतो का भाईर?"

"आत," जोतीराम म्हणाला.

"मदी का भिताडाला?"

या प्रश्नाची तयारी झालेली नव्हती. "भिताडाला," जोतीरामनं ठोकून दिलं.

नानासोंनी चष्मा पुन्हा चढवला. "माझा ल्योक आकाराम तीन वर्सं झाली मुंबईत गॅलरीत पडतूय. भिताडाची जागा मिळवली म्हंजे पोरगं वजनदार दिसतंय. मध्यस्थ म्हणला, एकटाच ऱ्हातूय. तवाच मला संशय आला. मुंबईत एकटा कोण ऱ्हातंय? म्हटलं, आपुनच जाऊन बघावं."

"म्हणजे नेमकी माणसं किती?" खऱ्या साहेबांनी विचारलं.

"अठरा लिवा," नानासो म्हणाले.

वैशाखात लग्न झालं. एक आणि अठरा यांतलं खरं कोणतं, हे संस्थेला ठरवता आलं नाही; अहवालात त्या खोलीत सरासरी साडेनऊ माणसं राहिली.

अर्जुना जिन्यात झोपत होता.