तुळाजीबाबांचे साक्षीतील आवाजाची हकीकत

॥ श्री ॥ वाणी देणाऱ्या देवतेस नमन करोन, जैसें ऐकिलें तैसें लिहिलें असे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरीं, राज्यांत हुकूम जाहला कीं, न्यायसभेंत जें बोलणें होईल तें आवाज धरणाऱ्या यंत्रांत उतरावें, आणि कागदांत व यंत्रांत अंतर पडल्यास यंत्रांतील बोलणें अस्सल मानावें.

त्या चैत्रांत तुळाजी खरमाटे यांचा पुतण्याशीं विहिरीचे वाट्याचा तंटा उभा होता. पुतण्या म्हणे, चुलत्यांनीं वाटा सोडिला. तुळाजीबाबा वृद्ध, खोकल्यानें जर्जर, तरी साक्ष देऊन घरीं गेले, आणि श्रावणांत त्यांस देवाज्ञा जाहली, आणि मग त्यांचें कुटुंब अनसाबाई यांणीं तंटा पुढें चालविला. मार्गशीर्षांत पुतण्याचे वकिलांनीं साक्षीचा कागद वाचिला, त्यांत 'मी वाटा सोडला' ऐसें होतें. अनसाबाई उठोन बोलिल्या, "आसं ते कधीच म्हनायचे न्हाईत, बाईसाहेब." तेव्हां न्यायाधीश राजोपाध्येबाई यांणीं यंत्र लावण्याची आज्ञा केली.

मग तुळाजीबाबांचा आवाज सभेंत आला, "म्या वाटा सोडला," आणि खोकल्याची मोठी उबळ आली, आणि तिचे पाठीमागून बारीक शब्द आले, "न्हाई. जित्तेपनी सोडनार न्हाई." लेखनिकानें उबळीआधींचें तेवढेंच लिहिलें होतें. त्यानें मान खालीं घातली आणि वकील खालीं बसले. यंत्र बंद करावें तों साक्ष संपल्यानंतरचें बोलणेंही ऐकूं आलें, "बाईसाहेब, बायकू भाईर बसलीया. उन्हातनं चालत आलीया. कुनीतरी तिला पानी द्या."

अनसाबाई पदर तोंडास लावून उभ्या राहिल्या, आणि मग हळू बोलिल्या, "त्या दिशी शिपायानं पान्याचा तांब्या आनून दिला. मला वाटलं, कोर्टाची रीतच आसंल."

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "बसा, आजी. आणखी काही सांगायचंय?"

"सांगायचं न्हाई. पुन्यांदा लावाल का?"

मग पुढील तंट्याचा पुकारा थांबवोन यंत्र पुनः लाविलें, आणि पुतण्याही, ज्यास तुळाजीबाबांनीं लहानपणीं खांद्यावर वागविलें होतें, डोळे पुशीत ऐकत राहिला.

तात्पर्य, वाटा अनसाबाईंकडे कायम जाहला. निकालपत्रांत पाण्याचें तें बोलणें नाहीं, कारण तंट्याशीं त्याचा संबंध नव्हता. यंत्रांत मात्र आहे, आणि निराळ्या तारखेखालीं अनसाबाईंचें उत्तरही आहे.