चिएकोबाईंचा पायी येणारा राजपुत्र

केंब्रिजला रूम बघायला गेले तेव्हा घरमालकिणीनं माझी सॅलरी स्लिप मागितलीच नाही. मला खिडकीकडे तोंड करून उभं केलं, डोळे निरखले आणि म्हणाल्या, "चालेल. शाईत चांगले उतरतील."

चिएकोबाई पंचाहत्तरीच्या. एकेकाळी टोकियोत मुलींच्या साप्ताहिकात चित्रकथा काढायच्या. सतराव्या वर्षी त्याच साप्ताहिकाची स्पर्धा जिंकल्या आणि शाळेच्या गणवेशातच कामाला लागल्या. आठवड्याला वीस पानं. नायिकेच्या डोळ्यांत चांदण्या किती, यावरून संपादकांशी भांडणं. घोडा मात्र त्यांना कधीच जमला नाही, म्हणून त्यांचा राजपुत्र कायम पायी यायचा. "घोडा बाहेर बांधलाय, असं नोकर सांगायचा," हे त्या अगदी गंभीरपणे सांगतात.

नको तो विषय निघाला की त्यांचं ठरलेलं वाक्य, "पान उलट." बॉयलर बंद पडला, मी कुडकुडत खाली आले, "पान उलट." कौन्सिलचं कराचं पत्र आलं, "पान उलट." नवरा इंग्रज होता, त्याच्यामुळे त्या इथं आल्या आणि बारा वर्षांपूर्वी तो वारला, हे मला शेजारणीकडून कळलं. त्यांना विचारलं तर तेच, "पान उलट."

एका रविवारी मी सहज विचारलं, "तुमची शेवटची गोष्ट कशी संपली?"

या खेपेस त्या चक्क बोलल्या. "वाचकांची पोस्टकार्डं कमी झाली. संपादक म्हणाले, दोन अंकांत गुंडाळा. मग मी नायिकेचं, मारिकोचं, राजपुत्राशी लग्न लावून टाकलं." आणि वर म्हणाल्या, "तिला विचारलंसुद्धा नाही."

मग कपाटातून वह्यांचा गठ्ठा काढला. सगळी पेन्सिलीची चित्रं. पंचेचाळीस वर्षं बाई कुणालाही न दाखवता मारिकोची गोष्ट पुढे काढत होत्या. तिसऱ्याच पानावर तिनं राजपुत्राला सोडलं होतं. पुढे नोकरी, चष्मा, गुडघेदुखी. शेवटच्या वहीत केस पिकलेली मारिको स्वयंपाकघरात एकटी जेवत होती. मी पानं चाळत गेले. वीसेक पानं ती नुसती जेवतच होती.

"पुढे काय होतं?"

"सुचत नाही," त्या म्हणाल्या आणि वही मिटली.

संध्याकाळी मी नेहमीसारखं माझं ताट वर खोलीत नेलं नाही. त्यांच्यासमोर बसले, वरणाची वाटी पुढे केली. त्यांनी चमचाभर चाखलं.

"मीठ कमी आहे," म्हणाल्या. मग ताटातली नजर न उचलता विचारलं, "उद्या किती वाजता जेवतेस?"