घड्याळजीचे तेरा भाग

साहेबांनी "बसा" म्हटलं तेव्हाच नोटीसकाकांनी ओळखलं की काही खरं नाही. तेवीस वर्षांच्या नोकरीत साहेबांच्या केबिनमध्ये त्यांना दोनदाच खुर्ची मिळाली होती, आणि दोन्ही वेळा बाहेर येईपर्यंत त्यांच्या खात्यातला एकेक माणूस कमी झाला होता. आता खात्यात ते एकटेच उरले होते.

"काका, घड्याळजीची मालिका तुम्हाला ठाऊक असेलच," साहेब म्हणाले.

"असणार की. चारशे बारा नोटिसा."

काका मालिका अशाच ओळखत. कंपनीच्या जुन्या मालिका लोक कॉपी करून इंटरनेटवर चढवत. काकांनी त्या हुडकून काढायच्या आणि चढवणाऱ्याला नोटीस धाडायची, की तो घाबरून सात दिवसांत उतरवून टाके. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याची ही तेरा भागांची मालिका सव्वीस वर्षांपूर्वीची. तिच्या मागे काका असे हात धुऊन लागले होते की गेल्या वर्षी 'शंभर टक्के सफाई' केल्याबद्दल कंपनीने त्यांचा सत्कार केला. मालिका त्यांनी स्वतः कधी पाहिली नव्हती. दिवसभर नोटिसा लिहून घरी गेल्यावर त्यांना टीव्हीकडे बघवतच नसे.

"ती आपण विकली. फार मोठ्या कंपनीला. पंधरा दिवसांत त्यांच्या हातात द्यायचीय."

"मग द्या की."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. "मूळ टेप नाहीत आपल्याकडे."

झालं होतं असं, की पाच वर्षांपूर्वी ऑफिस नव्या इमारतीत आलं तेव्हा सल्लागारांनी दोन कामं सांगितली होती. जुन्या टेप कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या आणि मग टाकून द्यायच्या. त्यातलं दुसरं काम सोपं होतं, म्हणून ते आधी उरकलं.

"आणि इंटरनेटवर एकही कॉपी शिल्लक नाही," साहेब म्हणाले.

"नाहीच!" काकांची मान ताठ झाली. मग हळूहळू खाली आली.

"हे बघा काका, तुमचं खातं या महिन्यात बंद करा, असं वरून आलंय. नोटिसा आता सॉफ्टवेअर पाठवणार. पण मालिका मिळवून दिलीत, तर निवृत्तीपर्यंत दोन वर्षं तुम्हाला कुणी हात लावणार नाही. माझा शब्द."

काका छप्पन वर्षांचे होते. लोकांना दम देण्यापलीकडे त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि तोही फक्त लेखी. या वयात नवी नोकरी कोण देणार, या विचारानेच त्यांना थकवा आला. ते जागेवर गेले, घड्याळजीच्या नोटिसांचं रजिस्टर उघडलं आणि शेवटच्या नोंदीपासून उलटे फोन लावायला बसले.

पहिला फोन एका दातांच्या डॉक्टरला लागला. "सर, मी त्याच दिवशी डिलीट केली! कॉम्प्युटरसुद्धा विकला!"

"अहो, तसं नाही. तुमच्याकडे कुठे राहिली असेल तर मला हवीय."

"म्हणजे सापळा आहे होय! माझ्याकडे काही नाही, आणि कधी नव्हतीच."

दुसऱ्याने आईची शपथ घेतली. तिसऱ्याने फोन बायकोकडे दिला आणि बायकोने तो वारल्याचं सांगितलं. मागून तोच "मला वारून किती वर्षं झाली ते सांग" असं कुजबुजत होता. तीन दिवसांत काकांनी दोनशे फोन केले. आपल्या नोटिसांचा एवढा धाक आहे हे इतकी वर्षं कुणी सांगितलं असतं, तर त्यांना धन्य वाटलं असतं. आता रडू येत होतं.

"दादाला विचारा ना," चौथ्या दिवशी जेवताना बायको म्हणाली. "एवढं सगळं साठवून ठेवतो तो."

काकांचा घास हातातच राहिला. बायकोच्या या भावाला सगळे डिस्कमामा म्हणत. त्याच्या कपाटात कपड्यांच्या जागी चौदा हार्ड डिस्क होत्या आणि त्यात जगातले म्हणून सगळे सिनेमे होते. दोघांचं या विषयावर लग्नापासून वाकडं होतं, इतकं की घरातल्या समारंभात त्यांना शेजारी बसवत नसत. पण अडला हरी, तिथे काकांची काय कथा. ते मेहुण्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

"या, भाऊजी, या!" डिस्कमामाने आयुष्यभर वाट पाहिलेला क्षण सावकाश चाखला. "कंपन्यांना वाटतं, कला म्हणजे त्यांच्या बापाची. मी काय सांगत होतो? ज्ञान मुक्त असलं पाहिजे!"

"असू दे मुक्त. आधी तुझ्या वायफायचा पासवर्ड दे, फोनला इथे रेंज नाही."

"तो नाही मिळायचा. लोक गैरफायदा घेतात."

मामाने सात नंबरची डिस्क काढली. घड्याळजीच्या तेरा फाइली ओळीने हजर होत्या, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात मामाचा स्वतःचा शिक्का होता. हा शिक्का पुसून कुणी कॉपी पुढे पाठवली, की तो चोर-चोर म्हणून आकाशपाताळ एक करी. काकांना मेहुण्याला मिठी मारावीशी वाटली. पहिला भाग लागला. दुकानाचं दार, म्हातारा, भिंतीवर घड्याळं. दुसरा भाग लावला. दुकानाचं दार, म्हातारा, भिंतीवर घड्याळं.

"हा पहिलाच आहे रे."

"छे! नाव बघा ना, भाग दोन." मामाने तिसरा लावला, मग सातवा, मग तेरावा. तेराही वेळा तोच म्हातारा तेच दार उघडत होता.

मामाने त्याच्या मंडळींच्या ग्रुपवर विचारलं. एकशे नव्वद जण, सगळे कॉम्प्युटरमधले किडे. ती फाइल सगळ्यांकडे होती आणि सगळ्यांकडे तेराही वेळा पहिलाच भाग होता, कारण सगळ्यांनी ती एकमेकांकडूनच घेतली होती. त्यावर एकाने म्हटलं की दोष फॉरमॅटचा आहे. दुसऱ्याने म्हटलं की हे फॉरमॅट वापरणाऱ्यांची अक्कलच तेवढी. तिथून जे भांडण पेटलं त्यात दोन दिवस गेले, सहा जण ग्रुप सोडून गेले, आणि मालिकेचं नाव कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

"तेरा वर्षं ही तुझ्याकडे आहे," काका म्हणाले. "एकदाही लक्षात आलं नाही?"

"बघायला वेळ कुणाला असतो, भाऊजी? जमवण्यातच दिवस जातो."

दोघंही आयुष्यभर अशाच मालिकांवरून भांडले होते आणि दोघांनीही ही पाहिली नव्हती, हे काकांना फार उशिरा कळत होतं.

रजिस्टर संपत आलं. उरली नोंद क्रमांक एक, चौदा वर्षांपूर्वीची. नोंद एका बाईंची होती, पण फोन नंबर नव्हता, म्हणून काका पत्ता शोधत गेले. चौथा मजला, लिफ्ट बंद. दार एका सत्तरीच्या बाईंनी उघडलं. काकांनी धापा टाकत कंपनीचं नाव सांगितलं, तशा त्या आत गेल्या आणि एक कागद घेऊन आल्या.

"ही तुमचीच सही ना? वाचा. मोठ्यांदा."

काकांनी वाचलं. "'सदर साहित्यकृतीशी आपला कोणताही संबंध नसताना आपण ती प्रसारित केल्याचे निदर्शनास आले आहे...'"

"थांबा. आता हे बघा." बाईंनी कोपऱ्यातल्या जुन्या यंत्रात टेप घातली आणि शेवटापर्यंत पळवली. पडद्यावर नावं आली. लेखन या शब्दाखाली बाईंचं नाव होतं.

"मी लिहिलीय ती. कंपनीने मला कॉपी दिली नाही, म्हणून दर आठवड्याला टीव्हीवरून उतरवून घेतली. परगावच्या बहिणीला बघायची होती, म्हणून इंटरनेटवर चढवली. तर तुम्ही म्हणता, माझा संबंध नाही!"

काकांना कानकोंड्यासारखं झालं. टेबलावर तीन टेप होत्या आणि त्यांत तेरा भाग होते, सगळे वेगळे. त्यांनी आपली सगळी हकीकत सांगितली, नोकरीसकट.

"मी देईन," बाई म्हणाल्या. "पैसे नकोत मला. कंपनीने लेखी माफी मागावी, शिक्क्यासकट. मग घेऊन जा."

माफी म्हटल्यावर कंपनीचे वकील खुर्चीतून उठलेच. माफी म्हणजे कबुली. कबुली म्हणजे संचालकांची बैठक. बैठक म्हणजे दीड महिना. आणि मुदतीला उरले होते तीन दिवस.

"कुणालाही न विचारता मी काय पाठवू शकतो?" काकांनी विचारलं.

"तुम्ही? फक्त नोटीस."

काका जागेवर आले. कोरा कागद पुढे ओढला. मग त्यांनी तेवीस वर्षांच्या सवयीने लिहायला घेतलं: 'याद्वारे आपणांस कळविण्यात येते की, सदर मालिका आपणच लिहिलेली असून तिच्याशी आपला पूर्ण संबंध आहे. असा संबंध नाही असे लिहिण्याचा निर्लज्जपणा निम्नस्वाक्षरीकाराने केला आहे व त्याची त्याला लाज वाटत आहे. ही नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत आपण क्षमा न केल्यास निम्नस्वाक्षरीकार नोकरीस मुकेल, याची कृपया गंभीर दखल घ्यावी.' खाली सही केली आणि शिक्का दोनदा मारला.

बाईंनी ती उभ्यानेच वाचली. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "जन्मात अशी धमकी कुणी दिली नव्हती. पाठवा तुमचा माणूस."

कंपनीचा तंत्रज्ञ वायरी घेऊन आला आणि साडेसहा तास बसून त्याने तेरा भाग उतरवून घेतले. काका देखरेखीला होते. पहिल्या भागाची नावं संपायच्या आत त्यांना जी झोप लागली, ती तंत्रज्ञाने वायरी गुंडाळल्यावरच उतरली.

मालिका वेळेत पोचली. साहेबांनी शब्द पाळला. पण आठवडा झाला नाही तोच केबिनमध्ये पुन्हा खुर्ची मिळाली.

"एक छोटं काम राहिलं. करारात अट आहे, बाहेर कुणाकडे कॉपी असता कामा नये. त्या बाईंकडे टेप आहेत ना? त्यांना नोटीस द्या. वकिलांनी लिहून ठेवलीय."

"दाखवणार कधी आहेत ही मालिका?"

"कोण? ती कंपनी? छे हो. नाही दाखवणार. दुसऱ्या कुणी दाखवू नये म्हणून घेतली म्हणे त्यांनी. कुलपात राहील."

काकांना राग आला. इतक्या वर्षांनी आला होता की आधी त्यांना ते पित्तच वाटलं. पाणी पिऊनही उतरलं नाही, तेव्हा त्यांना कळलं. पण महिनाअखेर, छप्पन वर्षं, दोन वर्षं हे सगळं तिथेच उभं होतं. ते नोटीस घेऊन पुन्हा चार मजले चढले.

बाईंनी नोटीस वाचली. या वेळी त्या हसल्या नाहीत. "म्हणजे मी लिहिलेलं मीसुद्धा बघायचं नाही?"

काकांना खाली बघवेना, वर बघवेना. त्यांनी बाईंच्या हातातून कागद घेतला आणि नुसतं कुठेतरी बघायचं म्हणून वाचायला लागले. वाचता वाचता थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"बाई, इथे लिहिलंय, 'सदर टेप आपल्या ताब्यात राहता कामा नयेत, आणि त्या आपल्या घराबाहेर गेल्याची खात्री निम्नस्वाक्षरीकाराने प्रत्यक्ष करून घ्यावी.'"

"मग?"

"तुमच्या ताब्यात. तुमच्या घरात. माझ्या घरात असू नयेत असं यात कुठेच लिहिलेलं नाही. पिशवी आहे का एखादी मोठी? ते यंत्रही न्यावं लागेल."

आता दर रविवारी दुपारी बाई नोटीसकाकांकडे येतात. बायको चहा करते, पडदे ओढते, आणि एक भाग लागतो, फक्त एकच. दुसऱ्या भागात म्हाताऱ्याने गिऱ्हाइकाचं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं मागे लावलं तेव्हा काका इतके हसले की बायकोने त्यांच्याकडे वळून पाहिलं. कार्यालयात 'टेप बाईंच्या घराबाहेर गेल्याची खात्री केली' अशी नोंद आहे, आणि ती शंभर टक्के खरी आहे.

चौथ्या रविवारी डिस्कमामा आला. काखेत नवी कोरी हार्ड डिस्क होती आणि आवाज कधी नव्हे तो मऊ होता.

"भाऊजी, एक कॉपी काढू द्या ना. फक्त एक. तेरा वर्षं पहिल्याच भागावर अडकलोय."

"नाही," नोटीसकाका म्हणाले. "चोरी आहे ती. बाहेर चपला काढ, खाली बस, आणि बाईंच्या आड येऊ नकोस."