घेण्यास नकार

तेलगावचे निवृत्त पोस्टमास्तर विश्वेश्वर अप्पा यांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकही पत्र गहाळ होऊ दिलं नव्हतं. हे ते स्वतःच दिवसातून तीनदा सांगत, त्यामुळे गावात ते ठाऊक नाही असं कुणीच नव्हतं. ‘लाल फेटेवाले मामा, तेलगाव’ एवढ्याच पत्त्यावर आलेलं कार्ड त्यांनी चार लाल फेट्यांतून नेमक्या मामाला पोचवलं होतं. कसं? कार्डात म्हैस व्याली का, असं विचारलं होतं आणि गाभण म्हैस एकाच फेट्याच्या दारात होती!

म्हणून २००२च्या जानेवारीत त्यांच्या लेकीला, रुद्राणीला, पुण्याच्या एका कॉम्प्युटर कंपनीच्या फॉर्मवर ई-मेलचा पत्ता लिहायची वेळ आली, तेव्हा मास्तर छाती पुढं काढून म्हणाले, “माज्या नावानं काढ! टपाल माज्या ताब्यात असलं की तू निवांत झोप.”

“अप्पा, ते साधं टपाल न्हाई.”

“टपाल ते टपाल. कागदाचं आसू दे न्हाईतर काचंचं.”

गावात इंटरनेट एकाच ठिकाणी होतं. मन्मथ वाण्याचं एसटीडी बूथ होतं, तिथं झेरॉक्सच्या मशीनशेजारी त्यानं एक कॉम्प्युटर मांडला होता आणि त्यावर बायकोनं विणलेला रुमाल पांघरला होता. खातं उघडताना पडद्यावर रकाने आले. आपल्याला कशात रस आहे त्यावर खूण करा, म्हणे. वजन कमी करणं, केस वाढवणं, परदेशातली घरं, मासेमारी, असे बावीस रकाने!

“सोडून द्या अप्पा,” मन्मथ म्हणाला. “त्याची काय गरज न्हाई.”

मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. “रकाना रिकामा ठिवला की फॉर्म रद्द. चौतीस वर्षं मी दुसरं काय केलं?” आणि त्यांनी बावीसच्या बावीस रकान्यांत खुणा केल्या. मासेमारीतसुद्धा! तेलगावात त्या वर्षी हौदाला पाणी नव्हतं.

मुलाखत एक फेब्रुवारीला झाली, चांगली झाली. निवड झाली तर पंधरा दिवसांत मेल येणार होता. मेल आल्यापासून आठ दिवसांत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. रुद्राणी दिवसभर माजलगावला क्लासमध्ये शिकवायची, त्यामुळे मेल बघायचं काम मास्तरांनी अंगावर घेतलं. रोज सकाळी साडेनऊला, इस्त्रीच्या सदऱ्यात, ते मन्मथच्या बूथवर ड्युटीला हजर!

पहिल्याच दिवशी अकरा पत्रं. मास्तर हरखले. उघडून बघतात तर काय! एकानं अभिनंदन केलेलं: तुमची निवड झाली आहे, तुम्हाला बेटावर सहल लागली आहे. दुसऱ्यानं चरबीची चौकशी केलेली. तिसऱ्यानं, बाई होती कुणीतरी, ‘प्रिय मित्रा’ म्हणून सुरुवात केलेली! मास्तरांनी आधी आजूबाजूला पाहिलं आणि मग पडद्यावर रुमाल टाकला.

“मन्मथ, ही बाई मला वळखत न्हाई!”

“कुणालाच वळखत न्हाई अप्पा. असली पत्रं समद्यांनाच येत्यात. डिलीट मारा.”

“म्हंजे?”

“म्हंजे फाडून फेकायची.”

मास्तर खुर्चीवरून उठले. बूथमध्ये फोन लावायला आलेल्या दोघा गिऱ्हाइकांकडं पाहून त्यांचा आवाज चढला. “टपाल फाडायचं? अरे, धारूरच्या एका पोस्टमननं तीन कार्डं विहिरीत टाकली होती, त्याची नोकरी गेली! पेन्शन गेली! आणि तू मला फाड म्हनतोस?”

“मग काय करता?”

“कायदा हाय ना. जे पत्र आपल्याला नको, त्याच्यावर शेरा मारायचा आणि परत धाडायचं.”

मास्तरांनी एका बोटानं, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, प्रत्येक पत्राला उत्तर धाडलं: ‘घेण्यास नकार. पाठवणाऱ्यास परत.’ खाली तारीख, वेळ आणि ‘वि. अप्पा, निवृत्त पोस्टमास्तर’. अकरा पत्रांना अडीच तास लागले. उठताना त्यांच्या चेहऱ्यावर थैली बंद केल्याचं समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी चाळीस पत्रं.

तिसऱ्या दिवशी शंभरावर!

“अप्पा, उत्तर कावून देता ओ?” मन्मथनं कपाळाला हात लावला. “उत्तर दिलं की त्यांना कळतंय, ह्या पत्त्यावर जित्ता मानूस हाय. मग ते आनखी दहा जनांना सांगत्यात.”

“सांगू दे. कुनाचा दम आधी जातो ते बघू!” असं म्हणून मास्तरांनी बोट पुढं केलं. मधल्या बोटाला घट्टा पडला होता, म्हणून आता तर्जनी कामाला लावली होती. पुढं पुढं ते पत्र वाचतही नसत. वर ‘अभिनंदन’ दिसलं की नकार. चार दिवसांत त्यांचा वेग इतका वाढला की खेळ बघायला बूथपाशी गर्दी जमू लागली.

इथपर्यंत नुकसान फक्त बोटाचं होतं. पण मग मास्तरांमधला जुना पोस्टमास्तर जागा झाला. काही पत्रांवर नावच नव्हतं. नुसतं ‘प्रिय महोदय’! म्हणजे अपुरा पत्ता. आणि अपुऱ्या पत्त्याचं पत्र मजकुरावरून ओळखून खऱ्या मालकाला पोचवायचं, हे तर त्यांच्या आयुष्याचं भूषण होतं. लाल फेट्याचा मामा आठवला. त्यांनी मन्मथकडून तीन पत्रं छापून घेतली आणि सायकल काढली.

केस वाढवायचं पत्र त्यांनी त्रिंबक गुरुजींना दिलं. गुरुजींच्या डोक्यावर केस नव्हते, हे गावाला दिसत होतं. पण ते दिसतं असं गुरुजींना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. गुरुजींनी पत्र वाचलं, टोपी घातली आणि मास्तरांशी बोलणं बंद केलं. चरबीचं पत्र सारजाबाईंच्या घरी गेलं. तिथून मास्तर सायकल हातात धरून पळत निघाले. बसायला वेळ मिळाला नाही.

खरा गोंधळ तिसऱ्या पत्रानं केला. निवडणुकीचे दिवस होते. तानाजीराव उभे होते आणि त्यांच्या कचेरीवर बारा फुटी फलक होता: ‘आपले उच्चशिक्षित उमेदवार तानाजीराव, बी.ए.’ समोर सतरंजीवर चाळीसेक माणसं चहा पीत होती. मास्तरांनी सायकल लावली.

“या या मास्तर! काय आणलं?”

“तुमचं टपाल हाय. परदेशातून.”

सतरंजीवर कुजबुज झाली. परदेशातून! तानाजीरावांनी मिशीवरून हात फिरवला. पत्र आणून दिलं की पोस्टमास्तरनं ते वाचूनही दाखवायचं, ही तेलगावची जुनी रीत. “वाचा की मोठ्यानं,” तानाजीराव म्हणाले. “आपली मानसं हायत समदी. मराठीतून सांगा.”

मास्तरांनी घसा साफ केला. “प्रिय महोदय. आपण शिकलेले नाही, याचं दुःख करू नका.”

चहाचे कप खाली आले.

“परीक्षा नाही, हजेरी नाही, पुस्तक नाही. सात दिवसांत पदवी घरपोच! आमच्याकडून पदवी घेतलेल्या कुणाचाही बोभाटा आम्ही कधीच—”

“बास!” तानाजीराव उभे राहिले. तोंडाचा रंग लाल फेट्यासारखा झाला होता. “कुनी धाडलं बे हे? कुनाकडून आलात?”

“माज्या पत्त्यावर आलतं. पर मजकुरावरून मला वाटलं, तुमचंच आसंल.”

मागून कुणीतरी फस्सकन हसलं, आणि मग चाळीस माणसांना एकदम ठसका लागला. संध्याकाळी रंगारी शिडी लावून फलकावरचं ‘बी.ए.’ खरवडत होता. रात्री तानाजीरावांचे दोघे जण घरी येऊन अगदी अदबीनं सांगून गेले: “अप्पा, वयाचा मान ठिवतो. पर इथनं फुडं कुनाचं टपाल घेऊन फिरलात, तर सायकल आमी ठिवून घेऊ. तुमच्यासकट.”

मास्तरांनी सायकलला कुलूप घातलं. चौतीस वर्षं पत्रामुळं लोकांनी गूळ-खोबरं दिलं होतं, लेकरांची नावं ठेवायला बोलावलं होतं! त्यांनी कानाला हात लावला. आता अनोळखी माणसाचं एक चिटोरंही घ्यायचं नाही. काचेचं नाही, कागदाचं नाही!

अठरा तारखेला सकाळी पोस्टमन धुळाजी दारात आला. मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला. पिशवीतून त्यानं एक लांब, गुळगुळीत, रजिस्टर पाकीट काढलं. कोपऱ्यात निळ्या अक्षरांत कंपनीचं नाव. रुद्राणीनं आपल्या कंपनीचं नाव मास्तरांना दोनदा सांगितलं होतं. पण पंधरवड्यात त्यांनी इतक्या कंपन्यांची नावं वाचली होती की त्यांना सगळी सख्खी भावंडं वाटत. शिवाय लेकीचा निकाल यायचा होता काचेवर, पाकिटातून नव्हे.

“आता घरी याया लागले!” मास्तर किंचाळले. “पेन आन!”

“मास्तर, पत्ता तर वाचा—”

“मला पत्ता वाचायला शिकवतोस, धुळाजी? मला?” धुळाजीच्या खिशातलं पेन ओढून, पाकीट भिंतीला टेकवून, मास्तरांनी वळणदार अक्षरांत लिहिलं: ‘घेण्यास नकार. पाठवणाऱ्यास परत.’ तारीख, वेळ, सही. शाई वाळावी म्हणून वर फुंकरही मारली.

दुपारी रुद्राणी क्लास सोडून लवकर आली. मुदत होऊन दोन दिवस झाले होते. “अप्पा, खरंच काय आलं न्हाई?”

“आलं आसतं तर मी ठिवून घेतलं आसतं का?”

“चला, मी सोता बघते.”

बूथवर मन्मथनं रुमाल काढला. पडद्यावर लाल पट्टी. “ताई, डबा भरलाय. अप्पांनी एकबी पत्र फाडलेलं न्हाई. नवं मेल आलं की परत जातंय.”

“कवापासनं?”

“बारा तारखेपासनं. मी सांगितलतं अप्पांना. ते म्हनले, जातंय तर जाऊ दे, आपला शेरा वाचला.”

रुद्राणी खुर्चीवर बसली. एक हजार बारा पत्रांतून ती एकेक नाव बघत खाली उतरत गेली. बेट, केस, चरबी, मासे, प्रिय मित्रा, पुन्हा प्रिय मित्रा... आणि नऊ तारखेशी तिचा हात थांबला. ‘अभिनंदन! आपली निवड झाली आहे.’ खाली तिचं नाव. आणि त्या पत्राला त्याच दिवशी, दहा वाजून चाळीस मिनिटांनी, गेलेलं उत्तर. तारीख, वेळ आणि निवृत्त पोस्टमास्तरांच्या सहीसह!

“अप्पा,” ती हळू म्हणाली, “तुमी माजी नोकरी परत धाडली.”

मास्तरांनी वाकून पडद्यावरची आपलीच सही वाचली. मन्मथनं न सांगता पुण्याचा फोन जोडून दिला. पलीकडच्या बाई तुटकपणे बोलत होत्या, बूथमध्ये सगळं ऐकू येत होतं. ‘तुमचं उत्तर आम्हाला समजलं नाही. नंतरचे दोन मेल परत आले. शेवटचा उपाय म्हणून रजिस्टर पत्र पाठवलंय. आतल्या फॉर्मवर सही करून धाडा. पत्र परत आलं, तर मात्र तुमचा नकार समजू.’

रुद्राणीनं फोन ठेवला. चेहऱ्यावर थोडी धुगधुगी आली होती. “चला, निदान रजिस्टर तरी यायचं हाय!”

मास्तर स्टुलावर बसले. खरं तर स्टूल बाजूला होतं. ते जमिनीवर बसले.

“अप्पा? काय झालं?”

“आलतं,” मास्तर म्हणाले. “सकाळी.”

पोस्टाची थैली चारच्या एसटीनं जायची. घड्याळात तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. त्रेसष्ट वर्षांचे मास्तर तेलगावच्या भर रस्त्यातून धोतर गुडघ्याच्या वर खोचून असे धावले, की तानाजीरावांच्या कचेरीतले लोक “मास्तर आलं! टपाल आलं!” करत आत पळाले.

पोस्टात थैलीच्या तोंडावर लावायची लाख तापत होती. खुर्चीवर महानंदा मॅडम, नव्या पोस्टमास्तर. मास्तरांनी काउंटर दोन्ही हातांनी धरला. “मॅडम! थैली थांबवा! एक पाकीट... परत पायजे!”

“बंद थैली उघडता येत नाही,” मॅडम शांतपणे म्हणाल्या आणि भिंतीकडं बोट केलं. भिंतीवर चौकटीत नियम टांगला होता. वळणदार अक्षर, खाली सही, वि. अप्पा. एकोणीसशे शहाऐंशी साली एक बाप असाच धावत आला होता. लेकाला रागाच्या भरात लिहिलेलं पत्र त्याला परत हवं होतं. मास्तरांनी त्याला दिलं नव्हतं. वर हा नियम चौकट करून टांगला होता!

“पोरीची नोकरी हाय वो त्यात!” मास्तरांचा आवाज फुटला. “मी माज्या हातानं नकार लिवला. जन्मात पयल्यांदा चुकलो. वाटलं तर ती चौकट फोडतो!”

“चौकट राहू द्या. रजिस्टर पाकीट. बरोबर? नकार कुणी लिहिला?”

“मी.”

“पाकीट कुणाच्या नावाचं होतं?”

मास्तरांनी मागोमाग धावत येऊन दारात थांबलेल्या रुद्राणीकडं बोट केलं. कोपऱ्यात धुळाजी चपलेकडं बघत उभा होता.

“नकार फक्त ज्याच्या नावाचं पत्र, त्यालाच देता येतो,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी टेबलाचा खण ओढला. “बापाचा शेरा चालत नाही. धुळाजींनी सकाळीच पाकीट माझ्यापुढं आणून ठेवलं. तेव्हापासून ते थैलीत गेलेलंच नाही. रुद्राणी, इथं सही कर.”

रुद्राणीनं सही केली. धुळाजी मास्तरांजवळ सरकला. “मी म्हनलतं ना, पत्ता वाचा.”

फॉर्म त्याच संध्याकाळी रजिस्टरनं पुण्याला गेला. पाकिटातल्या पत्राच्या शेवटी कंपनीनं एक ओळ जादा लिहिली होती: ‘कृपया दुसरा ई-मेल पत्ता द्यावा आणि तो कुणालाही सांगू नये.’ रुद्राणीनं नवा पत्ता काढला. मास्तरांनी तो विचारला नाही. त्यांना विचारायचा धीरही नव्हता.

एप्रिलमध्ये धुळाजी दारात आला. हातात पोस्टकार्ड, पुण्याचा शिक्का. मास्तरांनी हात पुढं केला, मग मागं घेतला. चष्मा पुसला. कार्डावरचं नाव एकदा मनात वाचलं, दुसऱ्यांदा ओठ हलवून आणि तिसऱ्यांदा मोठ्यानं.

धुळाजीनं खिशातलं पेन काढून त्यांच्यापुढं धरलं.

“तुमचंच हाय नव्हं मास्तर? का लिवू शेरा?”