लंबकावरील स्वारी आणि नऊ पूर्णांक आठचा प्रसंग

स्वस्ति. जी पृथ्वी रावास व रंकास एकाच जोराने खाली खेचते, आणि हवा मध्ये न पडली तर दगडास व पिसास एकाच चालीने जमिनीवर आणते, कोणाची भीड म्हणून ठेवीत नाही, त्या न्यायी सत्तेस प्रथम वंदन करून, बारावीच्या प्रयोगशाळेत शनिवारी सकाळी जे रण माजले त्याची हकीकत पदरचे अक्षर न घालता लिहितों. वाचणारांनी हसू आवरावे. जिचे वर्ष पणास लागले होते तीस हसू येत नव्हते.

शास्त्रशाखेच्या फौजेत चव्वेचाळीस शिलेदार, आणि त्यांत उंचीने सर्वांत लहान पण इरेस पडली तर कोणास न आवरणारी, घरचे लोक जीस मुंगी म्हणत, त्या अखंडितजिद्द, खोडरबरवैरीण मुंगीबाईसाहेबांकडे लंबकाची मोहीम राहिली होती. कामगिरी ऐसी की मीटरभर दोऱ्यास पितळी गोळा टांगावा, किंचित बाजूस नेऊन सोडावा, वीस हेलकाव्यांचा वेळ घड्याळावर धरावा आणि मग पृथ्वीच्या ओढीने पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदास किती वाढतो ते काढावे. उत्तर तमाम दुनियेस ठाऊक, नऊ पूर्णांक आठ. आणि पदार्थविज्ञानाच्या बाईसाहेबांचे फर्मान निघाले होते की शनिवारी बाराच्या घंटेपूर्वी ज्याचे वहीवर सही नाही त्याने प्रात्यक्षिक परीक्षेस येऊ नये. म्हणजे वर्ष बुडाले.

आता त्या मुलुखाचा रिवाज सांगणे प्राप्त आहे. बाई दरसाल फळ्याजवळ उभ्या राहून गोळा सोडीत, सोडतांच खड्या आवाजात “एक” म्हणत आणि वीसवर घड्याळ थांबवीत, आणि उत्तर अकराच्या घरात गेले की हवेच्या अडथळ्यास चार शब्द सुनावून फळ्यावर नऊ पूर्णांक आठ लिहीत. मग रयतही तैसेच करी. आधी उत्तर मांडावे, मग त्याजवरून उलटे चालत सेकंद पैदा करावे, आणि ते सेकंद घड्याळात पाहिले ऐसे शाईने लिहून द्यावे. त्रेचाळीस वह्या येणेंप्रमाणे तयार जाहल्या आणि सर्वांत एकच आकडा, दशांशाचाही फरक नाही.

मुंगीबाईंनी मात्र शुक्रवारी खरोखर मोजले आणि अडतीस पूर्णांक दोन सेकंद आले, आणि मग गणित केले तो दहा पूर्णांक ब्याऐंशी. शनिवारी सकाळी पुन्हा चढाई. पंखा बंद करविला, खिडक्या लावविल्या, दोरा गोळ्याच्या मध्यापर्यंत नव्याने मापला, पितळी गोळा काढून दुप्पट वजनाचा चढविला. परंतु लंबक वजनास भीक घालीत नाही, तो दोऱ्याच्या लांबीसच काय तो जुमानतो. पुन्हा अडतीस पूर्णांक दोन. हा आकडा खरा मानावा तर त्या खोलीत पाऊल टाकतांच पन्नास किलोच्या माणसाचे वजन पाच किलोंनी वाढावे, आणि ही खबर बाईंच्या कानी घालण्याची छाती कोणाची नव्हती.

घड्याळाची जबाबदारी त्याच वर्गातील त्यांच्या मावसबहिणीकडे होती. तिची स्वतःची वही केव्हाच नऊ पूर्णांक आठला शरण गेली होती. साडेअकरा वाजले तैसा तिचा धीर सुटला.

“अगं, अडतीसच्या जागी चाळीस लिही ना. सगळ्यांनी तेच केलंय.”

“मग तू सकाळपासून घड्याळ कशाला धरून बसलीयेस?”

“तू रडशील म्हणून,” मावसबहीण म्हणाली, आणि मुंगीबाईंच्या डोळ्यांस खरेच पाणी आले. खोटे लिहावे तर सकाळचे सर्व कष्ट मातीत, खरे लिहावे तर वर्ष मातीत, ऐसा पेच पडला. तरी डोळे पुसून गोळा पुन्हा बाजूस नेला, सोडला आणि म्हणाल्या, “एक.”

तो प्रयोगशाळेचे मामा कपाटांच्या किल्ल्या घेऊन सामान जमा करण्यास आले होते. ते उभे राहून पाहू लागले.

“ताई, आत्ताच एक कसा झाला? अजून तो गेलाय कुठे?”

“म्हणजे?”

“जाऊन परत येईल तेव्हा एक. आत्ता तर नुसता सुटलाय.”

हे ऐकतांच मुंगीबाईंस उमगले. वीस म्हणून मोजले ते सारे एकोणीस. मग कपाळावर हात मारून घेतला, गोळा सोडताना शून्य म्हटले आणि वीस हेलकावे पुरे होऊ दिले. घड्याळात चाळीस पूर्णांक दोन. गणित केले तो नऊ पूर्णांक सत्त्याहत्तर. दोघी बहिणींनी मामांस हात जोडले आणि मामा किल्ल्या वाजवीत म्हणाले, “आवरा आता, बारा वाजतील.”

परंतु अवघड घाट पुढेच होता. बाईंची चूक बाईंस सांगणे म्हणजे परीक्षेपूर्वी वाघाच्या तोंडी मान देणे. मुंगीबाई वही घेऊन टेबलापुढे उभ्या राहिल्या, सारे सांगितले, आणि हेही सांगितले की हवेमुळे लंबकास वेळ लागला तर किंचित जास्तच लागेल, कमी नव्हे, म्हणजे उत्तर घटेल, वाढणार नाही. बाई उठून लंबकाजवळ गेल्या, गोळा हाती घेतला, सोडला आणि सवयीने म्हणाल्या, “एक.” गोळा आपला जात येत राहिला.

“बावीस वर्षं,” बाई शेवटी म्हणाल्या, “हवेच्या नावानं खडे फोडतेय मी.”

मग टेबलाशी परतून हुकूम फर्माविला की ऐसे मोजून कोणास नऊ पूर्णांक आठ येणे शक्य नाही, सबब त्रेचाळीस वह्यांवरील सह्या रद्द, सर्वांनी सोमवारी नव्याने मोजावे, परीक्षेस कोणास आडकाठी नाही. त्यामुळे त्रेचाळीस जणांनी मुंगीबाईंशी अबोला धरला, त्यांत सख्खी मावसबहीणही सामील जाहली.

बाराची घंटा होण्यास दोन मिनिटे असता फत्ते जाहली, ती दफ्तरी दाखल ऐसी: नऊ पूर्णांक सत्त्याहत्तरच्या पानावर बाईंची सही. आणि त्याआधीचे दहा पूर्णांक ब्याऐंशीचे पान मुंगीबाई फाडू लागल्या तो बाईंनी हात धरिला, त्या पानाखाली “ही चूक माझी” ऐसे लाल शाईने लिहिले आणि तेथेही सही केली.