बशीतले तीन मासे

अन्सेल्मने बशी तोंडापासून खाली घेतली, तेव्हा तिच्यातले तिन्ही मासे नाहीसे झाले होते.

लिमोझच्या एका छोट्या चिनी मातीच्या कारखान्यात तो चाळीस वर्षं चितारी होता आणि त्याचा एक नेम होता. सूपची नवी खोलगट बशी आली की दुपारचं जेवण तिच्यातच. कोबीचं सूप संपत आलं की तळाशी उरलेल्यात लाल वाइन ओतायची, बशी दोन्ही हातांनी उचलायची आणि गटागटा प्यायची. तिकडे याला शाब्रो म्हणतात. "प्यायल्याशिवाय बशी कळत नाही," असं तो म्हणे. कड ओठाला टोचली, की बशी नापास.

आजची बशी मात्र पॅरिसच्या चित्रकार व्हिओलेनबाईंनी स्वतः रंगवलेली होती. फक्त दोनशे बश्या निघायच्या होत्या, त्यांचा हा एकुलता एक नमुना. खिडकीशी ठेवलीय म्हणजे भाजून झाली असणार, असं अन्सेल्मने गृहीत धरलं. मालकीणबाईंनी ती नुसती उजेडात बघायला ठेवली होती; रंग भट्टीत पक्का व्हायचा बाकी होता. गोंदाच्या पाण्यात कालवलेला कच्चा निळा रंग कोबीबरोबर त्याच्या पोटात गेला.

"काका!" मालकीण ओदील दारातूनच किंचाळली. "बाई तीनच्या गाडीनं येतायत! नमुना पसंत पडला नाही तर काम दुसरीकडे जाईल. काय दाखवू त्यांना, तुमचं पोट?"

"ओरडू नकोस गं. मासे बघितलेत मी. काढतो तसेच."

"आणि भट्टी?"

"भट्टीला वेळ कुठाय? लांबून दाखवू."

शेपट्या आठवल्या, खवले आठवले. तोंडं कुणीकडे होती ते काही केल्या आठवेना. शेवटी त्याने तिन्ही मासे जेवणाऱ्याकडे वळवले.

तीनच्या गाडीने आलेल्या व्हिओलेनबाईंनी मान तिरकी करून लांबूनच बशी बघितली. "माझे मासे पळत होते हो," त्या हळूच म्हणाल्या. "हे तर आपणहून जेवायला आलेत." मग त्यांनी टाळी वाजवली. "सहा महिने मला हेच जमत नव्हतं! भट्टीत असं होतं?"

"भट्टीचा काही भरवसा नसतो," ओदील घाईघाईने म्हणाली.

"आणि काकांच्या मिशा निळ्या कशा?"

"चाळीस वर्षं रंगकाम केलंय, बाई," तो म्हणाला.

"पसंत! आता याच बशीत मला सूप वाढा. तुमच्याकडचं ते वाइनचं शाब्रो करून बघायचंय."

"दुसरी देतो ना, चांगली मोठी..."

"छे! प्यायल्याशिवाय बशी कशी कळणार?"

हे अन्सेल्मचंच वाक्य होतं; त्याने सूप वाढलं.

बाई शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. बशी खाली आली ती पांढरीफटक. बाईंचा वरचा ओठ निळा. त्यांनी बशीकडे पाहिलं, मग अन्सेल्मच्या मिशांकडे, मग पुन्हा बशीकडे.

"तुम्ही किती खाल्लेत?"

"तीन. तुमचे."

"मी तीन. तुमचे." बाईंनी बाह्या सरसावल्या. "द्या ब्रश. मासे तुम्ही काढा, पाणी मी काढते. मागे सही दोघांची."

ओदीलने सूपचं पातेलं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

दोघं मान खाली घालून रंगवू लागली. मग अन्सेल्मने भीत भीत विचारलं, "बाई, कड टोचली का?"

"नाही."

"मग बशी पास," तो म्हणाला.