पाठमोरा सौदा

बेद्री युया या वर्षी फसणार नव्हता. हे त्याने बायकोला सांगितलं, मशिदीबाहेर सांगितलं, कॉफीच्या टरफलांचा होजा पिताना शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं आणि ऐकायला कुणीच उरलं नाही तेव्हा बैलाला सांगितलं. बैलाचं नाव दालेचा. रंगाने राखाडी, अंगाने डोंगर, स्वभावाने संत. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि जोंधळ्याचा पाला चघळत राहायचा.

गेल्या वर्षीचा घाव अजून ओला होता. बेद्रीने तेव्हाचा बैल दिला अठ्ठावन्न हजार बिर्रला, आणि दुपारच्या नमाजाच्या आत तोच बैल, त्याच दाव्यासकट, बाजाराच्या दुसऱ्या टोकाला नव्वद हजाराला गेला. बेद्री तेव्हा बाजाराच्या मधोमध उभा राहून स्वतःच्या हुशारीचं वर्णन करत होता.

बाबिलेच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. व्यापारी शाल टाकतो, तिच्याखाली दोन हात भेटतात. पंजा दाबला की पन्नास हजार, एक बोट धरलं की दहा, एक पेर दाबलं की एक. शेवटी टाळी दिली की सौदा पक्का. शालीखाली काय झालं ते शेजारच्या शेतकऱ्याला कधीच कळत नाही, आणि व्यापाऱ्यांचं नेमकं त्यावरच पोट भरतं. सकाळी चहाला पाचही व्यापारी एकत्र बसतात, आज कितीच्या वर जायचं नाही ते ठरवतात, आणि मग पाच शाली पाच दिशांना जाऊन एकच आकडा दाबत सुटतात. याला चोरी म्हणायचं नाही. याला बाजार म्हणायचं.

पण आपण फसतो ते कशामुळे, याचा शोध बेद्रीने लावला होता. म्हणजे लावला त्याच्या बायकोने, किमियाने, त्याने तो स्वतःच्या नावावर चढवला. "तुमच्या मनातला आकडा आधी तुमच्या मिशीत दिसतो," असं ती म्हणाली होती. खोटं नव्हतं. समाधानकारक भाव आला की बेद्रीची मिशी आपोआप नाचायची आणि व्यापारी तिथेच थांबायचा.

तेव्हा बेद्रीने ठरवलं, मिशी दाखवायचीच नाही. व्यापाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, हात मागे द्यायचा, आणि काही झालं तरी वळून बघायचं नाही.

ही विद्या त्याने गावातल्या सगळ्यांना शिकवायची तयारी दाखवली. शिकायला आला एकटा सानी. सानी इतका गरीब की कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर तोच माफी मागायचा. व्यापारी त्याला लांबून येताना पाहूनच खूश व्हायचे. बेद्रीने आठवडाभर त्याला गोठ्यात पाठमोरा उभा करून घोटून घेतलं. नव्वदच्या खाली बोट हलवायचं नाही. आणि व्यापारी चढला तर भुलायचं नाही, आपण त्याच्याही वर चढायचं.

"तो चढला तर द्यायचा ना बैल?" सानीने विचारलं.

"तो चढला म्हणजे त्याला गरज आहे. गरजवंताला सोडतात का कधी? त्यांनी सोडलं होतं तुला?"

सानी विचारात पडला. त्याला असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी किमियाने दालेचाला शेवटचा घास भरवला. अकरा महिने तिने त्याला एकेक मूठ हाताने चारली होती. जोंधळ्याची कोवळी धाटं, रताळ्याचे वेल, घरच्या भाकरीचा पहिला तुकडा. चरायला म्हणून त्याला एक दिवस सोडलं नव्हतं; हत्तीसारखा झाला होता तो, आणि तिच्या मनगटाची कातडी त्याच्या जिभेने खरवडून निघाली होती.

"माझ्या अकरा महिन्यांचे नव्वद हजार होतात," ती म्हणाली. "एकोणनव्वदला द्यायचा असेल तर परत आणा."

बाजारात बेद्री आणि सानी शेजारी शेजारी उभे राहिले. हेर्सी व्यापारी आला. अंगावर लांबरुंद शाल, गालात खात नावाची झिंगेची पानं, आणि चेहऱ्यावर पोट भरलेल्या माणसाची दया. दोघेही त्याला पाहताच गर्रकन वळले आणि पाठीमागे हात देऊन उभे राहिले. एकाचं तोंड डोंगराकडे, दुसऱ्याचं नदीकडे, मध्ये हेर्सी.

"हे काय? रुसलात का?" हेर्सी म्हणाला.

"भाव बोल," बेद्री डोंगराला म्हणाला.

हेर्सीला हसू आलं. त्याने शाल काढली आणि दोघांच्या हातांवर एकदमच पसरली; दोन शेतकरी एका झटक्यात गुंडाळायची त्याला हौस होतीच. तो हात आत घालणार, तेवढ्यात ट्रकवाल्याने हाक मारली. चढवलेला एक बैल मागच्या मागे उडी टाकून पळाला होता. हेर्सी शाल तशीच ठेवून तिकडे धावला; बाजाराच्या गलक्यात या दोघांना पत्ताच लागला नाही.

वळून बघायचं नाही, हा नियम बेद्रीचाच होता. त्याने शालीखाली चाचपलं, हात सापडला. त्याने ठणकावून पंजा दाबला आणि चार बोटं धरली. नव्वद.

तिकडे सानी हरखला. व्यापाऱ्याने पहिल्याच दमात नव्वद दिले होते! आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाची तरी गरज दिसत होती. त्याने गुरूचं स्मरण केलं आणि दोनदा पंजा दाबला. एक लाख.

बेद्रीला घाम फुटला. त्याने नव्वद मागितले आणि व्यापारी लाख देत होता! हाताला घट्टेही होते. बिचारा हेर्सी, वाटतो तितका आयतोबा नाही, अशी कीवही त्याच्या मनात येऊन गेली. पण ती त्याने आवरली आणि एक लाख दहा दाबले. उत्तर आलं, वीस. त्याने तीस केले. भोवती माणसं जमली. शालीखाली इतका वेळ कुणीच कधी झुंजलं नव्हतं. बेद्रीची मिशी डोंगराकडे तोंड करून बेभान नाचत होती. शेवटी पलीकडून एक लाख चाळीस आले तेव्हा आणखी ताणायचं त्याने सोडलं. त्याने टाळी दिली. त्याच क्षणी पलीकडूनही टाळी आली.

भाव मोठ्याने सांगायचा नसतो. पण बेद्री गेलं वर्षभर ज्यासाठी जळत होता ते हेच होतं.

"एक लाख चाळीस!" तो ओरडला. "ऐका सगळे! शाल गेली खड्ड्यात!"

"एक लाख चाळीस," पाठीमागून सानीही ओरडला.

मग दोघे वळले. शालीखाली दोघांचे हात एकमेकांत होते आणि हेर्सी समोरून पळालेला बैल ओढत येत होता.

माणसं हसून हसून जमिनीवर बसली. हेर्सी तर डोळे पुसत होता. "एकमेकांनाच विकलेत बैल?"

बेद्रीच्या कानशिलातून वाफा निघाल्या. मिळेल त्या भोकात शिरावं असं त्याला वाटलं. पण तेवढ्यात त्याची नजर बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे हसणं पोचलं नव्हतं, आकडा पोचला होता. एका म्हाताऱ्याने व्यापाऱ्याच्या शालीतून हात काढून घेतला होता. त्याच्या शेजारचा बैलाचं दावं हाताला गुंडाळून घेत होता. आपण आत्ता चूक कबूल केली तर हे सगळे हात पुन्हा शालीखाली जाणार, हे बेद्रीला लख्ख दिसलं.

"विकले," तो छाती काढून म्हणाला. "त्याने माझा घेतला, मी त्याचा. एक लाख चाळीसला. तुझ्या बापाचं काय गेलं?"

हेर्सीने बाजाराच्या म्हाताऱ्या पंचाला बोलावलं. पंचाने दाढी कुरवाळली आणि सांगितलं की टाळी वाजली म्हणजे सौदा झाला, कुणाची कुणाशी वाजली हे शाल विचारत नाही. दावी बदलली. दालेचा सानीकडे गेला, सानीचा तांबडा बैल मागाला बेद्रीकडे आला.

त्यानंतर बाबिलेत नव्वदच्या खाली कुणी बोलेना. व्यापाऱ्यांनी आधी थट्टा केली, मग शिव्या दिल्या, मग एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. बंदराकडे जाणारे ट्रक उन्हात रिकामे तापत होते. दुपारी पहिला व्यापारी फुटला आणि त्याने पंचाण्णव दिले. मग बाकीचे पळत सुटले. गावातला एकेक बैल शहाण्णव-सत्त्याण्णवला गेला. ज्याला कधी साठसुद्धा मिळाले नव्हते असा म्हातारा बेद्रीच्या गळ्यात पडून रडला.

ट्रकमध्ये दोनच बैलांची जागा उरली तेव्हा हेर्सी या दोघांकडे आला. शाल खांद्यावर होती. त्याने ती काढलीही नाही, तोंडाने अठ्ठ्याण्णव म्हणाला.

बेद्रीच्या मिशीचं टोक हललं. तो हो म्हणणारच होता.

"एक लाख चाळीसला घेतलाय," सानी म्हणाला. आवाज इतका खणखणीत की स्वतः सानीही दचकला. "अठ्ठ्याण्णवला द्यायला मी काय वेडा आहे?"

आता शिष्य नाही म्हणतोय म्हटल्यावर गुरूने हो कसं म्हणायचं? बेद्रीने मान उडवली. ट्रक गेला.

घरी किमिया अंगणात उभी होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच आली होती. येणाजाणारा प्रत्येक जण तिच्या नवऱ्याला दुवा देऊन गेला होता. तिने मागालापुढे मूठभर पाला धरला. मागालाने तोंड फिरवलं. तो फक्त सानीच्या बायकोच्या हातचं खायचा. ओढ्यापलीकडच्या सानीच्या गोठ्यातून दालेचाचं हंबरणं ऐकू येत होतं.

"सगळ्या गावाला भाव मिळाला," ती म्हणाली. "तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे," बेद्री म्हणाला.

तिला रागावायचं होतं आणि ते जमत नव्हतं, हे त्याला दिसलं. "बरं," ती म्हणाली, "आता जा आणि सानीकडून आपला बैल घेऊन या. पुढच्या बाजाराला अठ्ठ्याण्णवला देऊन टाकू."

बेद्रीने पायातली चप्पल काढली, झटकली, पुन्हा घातली.

"जाऊन आलो मी येताना," तो म्हणाला. "एक लाख चाळीसच्या खाली देत नाही म्हणतो. पाठ फिरवून उभा राहिला माझ्याकडे."